कृष्णेच्या उगमापर्यंत सायकलीवरून

साठी केव्हांच उलटलेला आणि रात्रीं गुडघ्यांना तेल चोळून निजणारा एक निवृत्त शाळामास्तर जर आपणांस सांगूं लागला कीं, गेल्या जानेवारींतल्या एका रविवारीं मीं पहाटे सांगलीस सायकलीवर टांग टाकली आणि त्याच संध्याकाळीं क्षेत्र महाबळेश्वरास जाऊन उतरलों, तर आपल्यापैकीं कांहीं जण म्हणतील, 'मास्तर, पुरे झाल्या थापा!' आणि कांहीं जण म्हणतील, 'मास्तर, या वयांत हें सुचलेंच कसें?' पहिल्या मंडळींना उत्तर देणें सोपें आहे. माझ्याबरोबर आणखी एकेचाळीस जण होते. साक्षीदारांना तोटा नाहीं. दुसरा प्रश्न मात्र माझ्या घरांतही पुष्कळदां विचारला गेला आहे, आणि त्याचें उत्तर निघतांना मला ठाऊक नव्हतें. तें वाटेंत सांपडलें. म्हणून ती वाट आपणांस थोडक्यांत दाखवावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम या सहलीचे नियम सांगतों. कारण तिची खरी गोडी नियमांत आहे. ही शर्यत नव्हे. 1897 सालीं इटलींतील कांहीं सायकलस्वार एका दिवसांत रोमहून नेपल्सला गेले. त्या वेळेपासून 'ऑडॅक्स', म्हणजे धाडसी, हा लॅटिन शब्द लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाला चिकटला. 1904 सालीं पॅरिसमध्यें याच नांवाचें एक मंडळ निघालें, आणि त्या मंडळाच्या नियमांनुसार आज जगांतील पुष्कळ देशांत, आपल्या देशांतही, अशा सहली होतात. फ्रेंच भाषेंत त्यांना 'ब्रेव्हे' म्हणतात. दोनशें किलोमीटरांस साडेतेरा तास, तीनशेंस वीस, चारशेंस सत्तावीस आणि सहाशेंस चाळीस अशी मुदत ठरलेली असते. वाटेंत तपासणीचीं ठाणीं असतात. प्रत्येकाजवळ एक कार्ड असतें. त्यावर प्रत्येक ठाण्यावर वेळ लिहून शिक्का मारून घ्यावयाचा. ठाण्यांच्या मधल्या वाटेवर घरच्या मोटारींतून पाणी, फळें किंवा सहानुभूति घ्यावयाची नाहीं. चाकांतली हवा गेली, तर ती ज्याची त्यानें भरावी; सोबतच्या स्वारानें हात लावला तर चालतें.

आणि सर्वांत मोठी मौज ही कीं, येथें नंबर नाहींत. सात तासांत पोंचलेला गडी आणि तेरा तास एकोणतीस मिनिटांनीं पोंचलेला गडी यांत नियमाच्या दृष्टीनें कांहींही भेद नाहीं; दोघांचीं कार्डें सारखींच मान्य होतात. मुदत टळल्यावर जो येतो, त्याचें कार्ड मात्र मान्य होत नाहीं. भेद काय तो एवढाच.

आमच्याकडील कांहीं सायकलप्रेमी मंडळींनीं याच धर्तीवर सांगलीपासून क्षेत्र महाबळेश्वरापर्यंत एक सहल आखली. वाटेंतला माहुलीचा फेरा धरून अंतर सुमारें दोनशें किलोमीटर. पहाटे पांच वाजतां निघावयाचें आणि सायंकाळीं साडेसहाच्या आंत पोंचावयाचें. हा रस्ता निवडण्यांत मोठी रसिकता होती. कृष्णामाई महाबळेश्वरीं उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड या वाटेनें सांगलीला येते. आम्हीं तिच्या उलट दिशेनें, चढणीनें, तिच्या माहेरीं जावयाचें होतें. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांच्या आसपास, तर महाबळेश्वर साडेतेराशेंच्या आसपास. म्हणजे नदीनें जेवढें खालीं यावें, तेवढें आम्हीं वर जावें असा हा हिशेब.

नंबर नसण्याचें मला विशेष कुतूहल वाटलें, त्याला कारण आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून अडतीस वर्षें मुलें शिकविलीं, आणि त्या अडतीस वर्षांत मुलांना ओळींत उभें करण्याखेरीज दुसरें फारसें कांहीं केलें नाहीं, असें कोणी म्हटलें तर मला तें संपूर्णपणें खोडून काढतां येणार नाहीं. पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. आणि तळाशीं राहिलेल्यांचीं नांवें वाचतांना माझा आवाज किंचित् चढत असे, हेंही कबूल केलें पाहिजे. घंटेच्या बाबतींत तर मी फारच कडक होतों. घंटा झाल्यावर आलेलें मूल वर्गाबाहेर. असा मनुष्य नंबर नसलेल्या मेळाव्यांत जाऊं म्हणतो, याचें माझें मलाच नवल वाटत होतें.

सायकलीचें कौतुक आमच्या भागाला जुनें आहे. आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी ज्यांनीं 1910 सालीं वसविली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ 1888 सालीं बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून झाला होता. 1923 सालीं मुंबईहून कांहीं पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून 1928 सालीं परत आले. त्यांच्यापुढें आमची एका दिवसाची दौड म्हणजे अंगणांतली फेरी. तथापि अंगणही कधीं कधीं मोठें वाटतें, विशेषतः गुडघे सहासष्ट वर्षांचे असले म्हणजे.

माझी जुनी काळी सायकल तीस वर्षें शाळेच्या वाटेवर झिजली. तिच्या पुढच्या दांतेरी चाकाला 44 दांते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18. पायडल एकदां पुरें फिरलें कीं मागचें चाक जवळजवळ अडीच वेळां फिरे आणि सायकल पांच-साडेपांच मीटर पुढें जाई. सपाटीवर ही व्यवस्था उत्तम. परंतु घाटांत प्रत्येक फेऱ्यास एवढें अंतर चढावयाचें म्हणजे पायांची परीक्षाच. मुलानें पुण्याहून जी नवी सायकल घेऊन दिली, तिला गिअर आहेत. सर्वांत हलक्या गिअरवर ती एका फेऱ्यांत जेमतेम दोन मीटर सरकते, पण पायांवर भारही तेवढाच कमी पडतो. तरफेचा जो नियम मी वर्गांत फळ्यावर लिहीत आलों, तोच हा: बळ वांचवावयाचें तर फेरे वाढवावे लागतात. सवलत मिळते, परंतु तिची किंमत वेळेनें चुकवावी लागते. चार महिने मीं दंडोबाच्या डोंगराकडील चढांवर हा नियम गिरविला आणि मग नांव नोंदविलें.

निघण्याची जागा आयर्विन पुलाजवळ होती. हा पूल 1929 सालचा. पावसाळ्यांत साऱ्या सांगलीचे डोळे याच पुलावरच्या पाण्याच्या आंकड्यांकडे लागलेले असतात. 2019 च्या ऑगस्टांत येथें पाणी 57 फुटांच्या वर गेलें होतें. जानेवारीच्या त्या पहाटे मात्र तीच नदी धुक्याची चादर ओढून पायाशीं मांजर निजावें तशी निजली होती. आमच्यांत एक महाविद्यालयांत शिकणारी मुलगी होती, साखर कारखान्यांतला एक फिटर होता, कऱ्हाडच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, बँकेंतले कारकून होते आणि ज्याच्या हातांत आपला पैसा निर्धास्तपणें द्यावा असा एक किराणा दुकानदारही होता. त्या मुलीनें मला 'आजोबा' म्हणावें कीं 'सर' म्हणावें, असा क्षणभर विचार केला आणि 'सर' पसंत केलें. माझ्या मनावरचा अर्धा भार तेथेंच उतरला.

पांचला शिट्टी झाली. सांगलीवाडी मागें पडली. मग आष्टा, मग पूर्वींचें इस्लामपूर, आतांचें ईश्वरपूर. हे दिवस ऊंस गाळपाचे. काळोखांत दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून संथ चाललेले. कित्येकांच्या पाठीमागें दिवा नाहीं, लाल फडकें नाहीं. आणि रस्त्यावर सांडलेल्या कांड्या चाकाखालीं आल्या कीं सायकल सापासारखी वळवळे. फिटर आपण होऊन माझ्या मागें राहिला. त्याचा दिवा माझ्या दिव्याच्या तिप्पट. 'सर, तुम्ही फक्त समोर बघा, मागचं मी बघतो,' एवढेंच तो म्हणाला. पेठनाक्यापर्यंत माझ्या पुढ्यांत जो प्रकाश होता, त्यांतला बराचसा त्याचा होता. उजाडलें तेव्हां दोहों बाजूंस तुऱ्यावर आलेला ऊंस, कोठें हळदीचीं पिवळीं पडूं लागलेलीं पानें आणि कोठें गुऱ्हाळाचा गोड धूर असा देखावा होता. पण मला त्यापेक्षांही सुंदर दिसला तो पहिल्या ठाण्यावरचा चहा.

सव्वानऊच्या सुमारास कऱ्हाड आलें. येथील प्रीतिसंगम आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. नद्या सामान्यतः एकमेकींना तिरप्या मिळतात. येथें कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि मग दोघी मिळून पूर्वेकडे वळतात. या दोघी मूळच्या एका घरच्या. दोघींचा जन्म महाबळेश्वरचा. एक डोंगराच्या या अंगास गेली, दुसरी त्या अंगास, आणि इतक्या लांब येऊन भेटल्या. डॉक्टरीणबाईंचें गांवच हें. त्या घाटाच्या पायऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'मास्तर, माझ्या दोन बहिणी परदेशांत असतात. मी रोज इथं फिरायला येते ती उगीच नाहीं.' बाई एवढेंच बोलल्या आणि कार्डावर शिक्का घेऊन निघाल्या.

कऱ्हाड ते सातारा हा पन्नास किलोमीटरांचा महामार्ग. यांत सौंदर्य थोडें आणि मोटारी फार. शिवाय त्या दिवशीं उत्तरेचा वारा तोंडावर येत होता. येथें मला समूहानें सायकल चालविण्याचें रहस्य शिकावयास मिळालें. पुढच्या स्वाराच्या चाकामागें दीड-दोन हातांवर राहिलें, तर वाऱ्याचा बराचसा मारा तो आपल्या छातीवर घेतो आणि मागच्याचे श्रम लक्षांत येण्याइतके कमी होतात. म्हणून आम्ही सहा जण ओळीनें चाललों. पहिला पांच मिनिटें वारा खाई, मग बाजूला होऊन शेपटास जाई आणि दुसरा पुढें येई. रानांतून उडणाऱ्या बगळ्यांची माळ मीं जन्मभर पाहिली, पण तिच्यांतला हा व्यवहार कधीं ध्यानीं आला नव्हता. ओळींत पहिला असणें म्हणजे बक्षीस नव्हे, पाळी आहे, ही गोष्ट अडतीस वर्षें ओळी लावणाऱ्या मास्तरास उंब्रज आणि काशीळ यांच्या दरम्यान समजली. माझी पाळी आली तेव्हां मी तीनच मिनिटें टिकलों. कोणी कांहीं बोललें नाहीं. पुढचा मुकाट्यानें पुढें झाला.

पाऊण वाजतां अजिंक्यतारा डोळ्यांपुढें आला. साताऱ्यांत न शिरतां आम्ही उजवीकडे माहुलीस वळलों. येथें वेण्णा कृष्णेला मिळते. तीही महाबळेश्वरचीच, तिसरी बहीण. संगमावरचीं दगडी देवळें, चिंचेची सांवली आणि वाहतें पाणी यांच्या सान्निध्यांत डब्यांतली भाकरी व शेंगदाण्याची चटणी खातांना मनांत आलें कीं, हें रामशास्त्री प्रभुण्यांचें गांव. खुद्द पेशव्याच्या घरांतल्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोष देणारा न्यायाधीश या मातींतला. लहानपणापासून मी त्यांना आदर्श मानीत आलों. नियम म्हणजे नियम. समोर कोण आहे, तें पाहावयाचें नाहीं. पण त्या दुपारीं एक निराळाच विचार मनांत आला. रामशास्त्र्यांनीं आपला कठोरपणा कोणावर चालविला? सत्ताधाऱ्यावर. आणि आम्ही मास्तर मंडळी आमचा कठोरपणा कोणावर चालवितों? हा विचार गैरसोयीचा होता. मीं डबा बंद केला आणि सायकलीवर बसलों.

पांचवडवरून वाईस पोंचलों तेव्हां तीन वाजून गेले होते. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीचें देऊळ, आणि ज्या गांवीं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचा संसार मांडला, तें हें गांव. येथवर हिशेब बरा होता. परंतु खरा पेपर पुढेंच होता. वाईहून पांचगणी बारा-तेरा किलोमीटर. तेवढ्यांत जवळजवळ सहाशें मीटर चढावयाचें. मीं, सायकल आणि पिशवी मिळून ऐंशी किलो वजन एवढें उंच उचलावयाचें, तर शरीराला साडेचारशें ते पांचशें किलोकॅलरी उष्णता खर्चावी लागते. गणित मला येत होतें. मांड्यांना येत नव्हतें.

शाहीर साबळे ज्या पसरणीचे, तें गांव मागें पडलें आणि घाट सुरू झाला. पहिले चार किलोमीटर मी सर्वांत हलक्या गिअरवर चढलों. पांचव्याला डाव्या पोटरींत गोळा आला. मी उतरलों. मुलगी थांबली, फिटर थांबला. मीं त्यांना हात जोडून पुढें जावयास सांगितलें. त्यांची वेळ माझ्यापायीं बुडावी हें मला सोसण्यासारखें नव्हतें. तीं दोघें नाइलाजानें गेलीं, आणि मी सायकल हातीं धरून चालूं लागलों. मोटारी शेजारून जात होत्या. त्यांतल्या एका लहान मुलानें मोठ्यानें विचारलें, 'बाबा, ते आजोबा सायकल चालवत का नाहीत?' उत्तर ऐकूं येण्यापूर्वींच मोटार वळणाआड गेली.

खालीं वाई, पलीकडे पांडवगड, डावीकडे धोम धरणाचें निळें पाणी असा विस्तार उन्हांत पसरला होता. आणि ढकलीत चाललेल्या सायकलीच्या फ्रीव्हीलचा तो टकटक आवाज ऐकतां ऐकतां मला एकाएकीं एक मुलगा आठवला.

1994 सालची गोष्ट. सातवीच्या शिष्यवृत्ति परीक्षेच्या दिवशीं एका केंद्रावर मी पर्यवेक्षक होतों. प्रवेशाची वेळ संपली, पेपर सुरू झाला. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानें आमच्याच शाळेंतला एक मुलगा वडिलांची मोठी सायकल ढकलीत अंगणांत आला. सीटवर बसून त्याचे पाय पायडलांस पोंचत नसत. दांड्याखालून पाय घालून तो ती चालवी. बारा किलोमीटर आला होता, आणि त्यांतले शेवटचे चार, चाकांतली हवा गेल्यामुळें, पायीं. हात चेनच्या तेलानें काळे झालेले. नियमाप्रमाणें त्याला आंत घेतां येत नव्हतें आणि मीं घेतलें नाहीं. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाहीं. पण नियम सांगून मी थांबलों नाहीं. 'ज्याला वेळेची किंमत नाहीं, त्याला शिष्यवृत्ति कशाला हवी?' असें मी सगळ्या वर्गाला ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणालों आणि दार लावून घेतलें. तो कांहीं बोलला नाहीं. सायकल वळवून आला तसा ढकलीत निघून गेला. हवा भरण्याचा पंप माझ्या सायकलीला लावलेला होता आणि माझी सायकल त्याच अंगणांत उभी होती.

पुढच्या जूनमध्यें तो शाळेंत आला नाहीं. घरची अडचण होती, असें मागाहून कळलें. त्याची शाळा माझ्या एका वाक्यानें सुटली, असें मी म्हणत नाहीं; तशी शिक्षा स्वतःला करून घेण्यांतही एक प्रकारचा गर्व असतो. परंतु शाळेनें त्याला शेवटीं जें सांगितलें, तें माझ्या तोंडून सांगितलें, ही गोष्ट खरी आहे. आणि ती गोष्ट मीं इतकीं वर्षें कडक शिस्तीचें उदाहरण म्हणून चार लोकांत सांगितली होती, हीही खरी आहे.

पांचगणी गांठली तेव्हां पांच वाजले होते. आतां एकोणीस किलोमीटर महाबळेश्वर आणि पुढें सहा किलोमीटर क्षेत्र. दीड तास हातीं होता. पोटरी थोडी सैल झाली होती. चढ-उतारांचा रस्ता, दोहों अंगांस स्ट्रॉबेरीचे वाफे आणि बाजूला भिलारकडे नेणारी पाटी. 2017 सालापासून तें 'पुस्तकांचें गांव' झालें आहे. एरव्हीं त्या पाटीपाशीं मी तासभर रेंगाळलों असतों. त्या दिवशीं तिच्याकडे पाहावयासही सवड नव्हती. सूर्य उतरत होता, थंडी अंगाशीं येत होती, आणि जन्मांत प्रथमच मी घड्याळाकडे, उशीर होत असलेल्या मुलाच्या नजरेनें, पाहत होतों. महाबळेश्वरच्या बाजारपेठेंत शिरतांनाच साडेसहा वाजले. मुदत संपली होती.

येथें थांबावें, असें एकदां मनांत आलें. मुदत संपलीच आहे, तर पुढचे सहा किलोमीटर कशासाठीं? पण बारा किलोमीटर आलेला तो मुलगाही शेवटचे चार पायीं चालला होता, आणि उशीर झाल्याचें त्याला ठाऊक नसेल असें थोडेंच होतें! मीं दिवा लावला आणि काळोखांत निघालों.

क्षेत्र महाबळेश्वरीं देवळाजवळ एका टेबलावर दिवा ठेवून एक तरुण बसला होता. मीं कार्ड पुढें केलें. त्यानें घड्याळ पाहिलें आणि लिहिलें: 6 वाजून 52 मिनिटें. 'सर, बावीस मिनिटं,' तो म्हणाला. भोंवतालीं जमलेल्यांपैकीं कोणी तरी म्हणालें, 'अरे, लिही ना साडेसहा! मास्तरांचं वय तर बघ.' तो तरुण म्हणाला, 'नाही. जे आहे तेच लिहिणार.' मला त्याचें कौतुक वाटलें. आजन्म मीं जें केलें, तेंच तो करीत होता. परंतु पुढें त्यानें जें केलें, तें मीं कधींच केलें नव्हतें. तो उठला, माझ्या हातांतली सायकल घेऊन त्यानें भिंतीला लावली, मला स्वतःच्या खुर्चीवर बसविलें आणि म्हणाला, 'शेवटचा माणूस येईपर्यंत टेबल उचलायचं नाही, असं ठरलंय आमचं. तुमचं जेवण झांकून ठेवलंय.' झांकलेल्या ताटांत पिठलें आणि भाकरी होती. मुलगी आणि फिटर तेथेंच उभीं होतीं. तीं मुदतींत पोंचलीं होतीं, आणि तरीही खोलीवर गेलीं नव्हतीं.

अजून एक जण यावयाचा होता. आमचा किराणा दुकानदार. मीही तेथेंच बसून राहिलों. पावणेआठला वळणावर एक लहानसा दिवा हलतांना दिसला, तेव्हां आम्ही सर्व उठून उभे राहिलों. त्याच्या कार्डावरही वेळ जशीच्या तशी लिहिली गेली.

श्रोतेहो, इतकीं वर्षें मी असें समजत होतों कीं, नियम पाळणें आणि दार लावणें ही एकच क्रिया आहे. ज्याला दया दाखवावयाची, त्यानें नियम मोडावा. आणि ज्याला नियम पाळावयाचा, त्यानें मन घट्ट करावें. तिसरा मार्ग नाहीं. त्या रात्रीं टेबलाशीं बसलेल्या त्या तरुणानें मला तिसरा मार्ग दाखविला. त्यानें एक मिनिटही खोटें लिहिलें नाहीं, आणि एकाही मनुष्याला काळोखांत सोडलें नाहीं. त्या मुलाला परीक्षेला बसवितां आलें नसतें. पण त्याला पाणी देतां आलें असतें, त्याच्या चाकांत हवा भरतां आली असती, आणि 'पुढें आणखी परीक्षा आहेत बाळ,' असें म्हणतां आलें असतें. त्यासाठीं कोणताही नियम आड येत नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पंचगंगेच्या देवळांत गेलों. गोमुखांतून पाण्याची धार पडत होती. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पांच नद्यांचें तें माहेर. ज्या बहिणी आदल्या दिवशीं वाटेंत निरनिराळ्या घाटांवर भेटल्या होत्या, त्या येथें एका ओंजळींत मावत होत्या. तें पाणी मीं डोळ्यांना लावलें आणि मोटारीनें घरीं आलों. सायकल टपावर बांधलेली. परत सायकलीनें येण्याचें धाडस झालें नाहीं, हेंही सांगून टाकतों.

आतां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर. या वयांत हें कशाला? तर आयुष्यभर जो दाराच्या आंतल्या बाजूस उभा राहिला, त्यानें एकदां तरी उशीर होऊन बाहेरच्या बाजूस उभें राहावें, यासाठीं. माझ्यासारख्याला तेथवर पोंचविण्यास दोनशें किलोमीटर आणि एक घाट लागला. ज्यांना तें घरबसल्या समजतें, ते भाग्यवान.

मान्य न झालेलें तें कार्ड मीं टेबलाच्या कांचेखालीं ठेवलें आहे. त्या मंडळींच्या पुढच्या सहलीला शेवटच्या ठाण्यावर वेळ लिहिण्याचें काम मीं मागून घेतलें आहे. वेळ अगदीं बरोबर लिहीन. पंप मात्र टेबलावर, सर्वांना दिसेल असा, ठेवणार आहें.